मैद्याला सुट्टी

आमच्या केबिन रोडवरच्या पिठाच्या गिरणीत हल्ली धान्यापेक्षा सूचनाच जास्त येतात. नाचणी बारीक, ज्वारी मध्यम, आणि बदाम? गिरणीवाला हातच जोडतो. तेल सुटून दगड चिकटतो. संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे भरडधान्य वर्ष ठरवलं, तेव्हापासून मैदा घरोघरी आरोपी.

मग एक वाटी मैद्याऐवजी एक वाटी नाचणी, असा रोखठोक हिशोब करून केक ओव्हनमध्ये जातो. नाचणीत ग्लूटेन नाही. फुगलेलं धरून ठेवणार कोण? बाहेर येते गोड वीट. घरचे 'पौष्टिक आहे हो' म्हणत ती चहात बुडवतात. ज्वारीतही ग्लूटेन नाही; भाकरी चिरू नये म्हणून आज्या तिच्या पिठात कढत पाणी घालायच्या, पण त्यांचे व्हिडिओ नाहीत. नानखटाईत मात्र नाचणी खपून जाते. तिला फुगायचं नसतंच, खुसखुशीत व्हायचं असतं.

सगळ्यात भारी एका ताईंचा 'ग्लूटेन-फ्री' ज्वारीचा डबा. आधीच्या काकूंचे गहू उतरले की त्याच चक्कीत तो ओततात, म्हणजे पहिली मूठ गव्हाचीच. त्याबद्दल चकार शब्द नाही. एकादशीचा राजगिरा दळताना मात्र ह्याच ताई बजावतात, "भाऊ, आधी चक्की नीट झाडून घ्या हं!"