केटरर-निवड: स्वरूप आणि कार्यपद्धती

महाराष्ट्रातल्या शहरी लग्नात केटरर ठरवण्याचे काम स्थळ पसंत पडल्यानंतर येत असले, तरी महत्त्वाने ते आधीचे आहे. जोडा कसा निघाला हे कळायला काही वर्षे जातात. अळूची भाजी कशी होती हे सगळ्यांना त्याच दुपारी कळते. नातेवाइकांना नाव ठेवायला जागा उरू नये म्हणून ताटामागे जी रक्कम मोजली जाते, तिला केटरिंगचा दर म्हणतात. अन्न त्यासोबत मिळते.

निवडीची सुरुवात कार्यालयापासून होते आणि बहुधा तिथेच संपते. तुळशीची लग्ने लागली की मुहूर्त सुरू होतात, आणि चांगली कार्यालये तोवर भरलेली असतात. कार्यालय मिळाले की त्याचा ठरलेला केटररही पदरात पडतो. बाहेरचा आणायचा तर कित्येक कार्यालये त्याबद्दल वेगळे पैसे लावतात. ते किती, हे ऐकल्यावर कार्यालयाच्या केटररच्या हाताला चव असल्याचे घरात एकमताने ठरते.

जिथे निवडीला खरोखर वाव असतो, तिथे चव पाहण्याची पद्धत आहे. केटरर इच्छुक कुटुंबाला आपले काम चालू असलेल्या एखाद्या परक्या लग्नात बोलावतो. कुटुंब बऱ्यापैकी कपडे करून जाते, नवरा-नवरीची नावे ठाऊक नसताना स्टेजकडे पाहून ओळखीचे हसते आणि जेवते. वराकडच्यांना ही माणसे वधूकडची वाटतात, वधूकडच्यांना वराकडची. यजमानाचे जेवणाकडे नीट लक्ष असते ते एवढ्या एकाच वेळी. स्वतःच्या घरच्या कार्यात तो ताटावर बसतो तेव्हा साडेतीन वाजलेले असतात आणि भजी संपलेली असतात.

अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, 2006 प्रमाणे केटररकडे नोंदणी किंवा परवाना लागतो, आणि त्याचा 14 आकडी क्रमांक बिलावर छापावा लागतो. हा क्रमांक विचारणारा यजमान दुर्मीळ. ‘आचारी आपल्यातला आहे ना?’ हा प्रश्न मात्र अजूनही हलक्या आवाजात विचारला जातो. प्रत्येक समाजाला त्याचे उत्तर होकारार्थीच मिळते. आचारी तोच असतो.

मेनू घरातले दोन पक्ष ठरवतात. ज्येष्ठांना पंगत हवी असते: डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, मग वरणभातावर तूप, मसालेभात, जिलेबी, मठ्ठा आणि हात आडवा धरला तरी न थांबणारा वाढपी. तरुणांना बुफे हवा असतो, आणि त्यात चाट, पास्ता व ज्यामागे टोपी घातलेला माणूस उभा आहे असा निदान एक लाइव्ह काउंटर. दीर्घ चर्चेनंतर दोन्ही ठेवण्याचे ठरते. पंगत विहिणींपुरती उरते, आणि बाकीच्यांच्या ताटात मसालेभाताला टेकून नूडल्स बसतात. ताटाला ‘फक्त 20 रुपये’ वाढवणारी पाणीपुरी 500 ताटांवर 10,000 रुपयांची होते. हा गुणाकार केटरर तोंडी करतो. यजमान तो हिशेबाच्या दिवशी करतो.

ताटांची संख्या हा या विषयातला सर्वांत अवघड भाग. पत्रिकेवर ‘सहकुटुंब सहपरिवार’ छापलेले असते, आणि एका पत्रिकेमागे किती तोंडे याचे सूत्र अजून कोणाला सापडलेले नाही. केटररला मात्र काही दिवस आधी हमीचा आकडा लागतो. हमी 400 ची दिली आणि 320 जेवले तरी पैसे 400 चे. 450 जेवले तर पैसे 450 चे. ‘वरची दहा टक्के माणसे सांभाळून घेऊ’ असे केटरर म्हणतो. म्हणजे जेवण पुरेल. पैशांबद्दल तो काही बोललेला नसतो.

मोजणी ताटांच्या गठ्ठ्यावरून होते. आधी किती ताटे लावली आणि शेवटी किती कोरी उरली, यांची वजाबाकी करायची. त्यासाठी यजमान गठ्ठ्याजवळ आपला माणूस उभा करतो. हे पद बहुधा बँकेतून निवृत्त झालेल्या आतोबांना दिले जाते, कारण काहीच काम न दिल्यास ते रुसतात. ते वहीत पाच-पाचच्या रेघा ओढतात. पण फोटोसाठी त्यांना स्टेजवर बोलावणे येतेच, आणि नेमका तेव्हाच गठ्ठा झपाट्याने उतरतो. शिवाय आइस्क्रीमसाठी नवे ताट घेणारी मुले, पहिले ताट खुर्चीखाली सारून दुसरे उचलणारे काका, फोटोग्राफर, बँडवाले, ड्रायव्हर आणि चव पाहायला आलेले ते परके कुटुंब, या सर्वांची ताटे वजाबाकीत सारख्याच हक्काने बसतात. केटररचा आकडा आणि वहीतला आकडा जुळत नाही. आवाज चढतात, वरपक्षासमोर तमाशा नको म्हणून ते खाली येतात, आणि मधल्या एका आकड्यावर तडजोड होते. केटररने आपला आकडा ही तडजोड धरूनच सांगितलेला असतो.

हिशेब त्याच संध्याकाळी मिटवायचा असतो. पक्के बिल घेतल्यास त्यावर 5 टक्के जीएसटी पडेल, हे केटरर इतक्या कळवळ्याने सांगतो की यजमान वहीच्या फाडलेल्या पानावर समाधान मानतो. नातेवाइकांचे अभिप्राय तोवर गोळा झालेले असतात. जेवण बेताचे असेल तर ते केटररबद्दल असतात. उत्तम असेल तर ‘एवढा खर्च करायची काही गरज नव्हती’ असे यजमानाबद्दल. उरलेली जिलेबी डबे घेऊन तयारच असलेल्या मावश्यांकडे जाते, भात-भाजी कार्यालयातल्या कामगारांकडे. रात्रीच्या रिसेप्शनसाठी हॉल रिकामा करून द्यायचा असल्याने ही वाटणी अर्ध्या तासात उरकते.