एफडीवाले काका

एफडी ही शिवी आहे, हे मला गेल्या मंगळवारपर्यंत माहीत नव्हतं. आमच्या लहानपणी शिव्या आईबहिणींवरून आणि जनावरांवरून दिल्या जात. मुदतठेवीवरूनही देता येतात, हा शोध आमच्या शेअरवाल्या ग्रुपने लावला.

ग्रुप कसला ते सांगत बसत नाही. तुम्ही अशा एखाद्यात असालच. नसलात तर तुमचा मेव्हणा असेल. तिथे सगळे एकमेकांना ‘सर’ म्हणतात आणि ॲडमिनला ‘गुरुजी’. सध्याचं आराध्यदैवत म्हणजे पंपांचे सुटे भाग करणारी एक स्मॉलकॅप कंपनी. भाव वाढला की घ्यायची, कारण वाढतोय. पडला की घ्यायची, कारण स्वस्त झालाय.

तर मंगळवारी एका काकांनी लिहिलं, “वार्षिक अहवाल, पान 84 बघा. दोन वर्षांत विक्री दीडपट, उधारी तिप्पट. माल जातोय, पैसे येत नाहीत. हा कारखाना आहे की वाण्याची वही? आणि तुम्ही बावळटासारखे ॲव्हरेज करत बसलाय.”

शेवटचं वाक्य नको होतं, हे मान्य. पण काकांची नोकरी बँकेत, कर्ज विभागात गेली. कर्ज मागायला आलेल्या माणसांशी जन्मभर बोललं की जीभ तशी होते.

त्या वाक्याने ग्रुपची मोठी सोय झाली. दुपारपर्यंत ‘बावळट’ या एका शब्दावर चर्चा चालली. “वयाला शोभत नाही, काका.” “आम्ही तुमचा आदर करतो, पण.” (या ‘पण’च्या पुढे खरोखर काही नव्हतं.) एक सर संस्कारांवर बोलले, दुसरे सर सकारात्मकतेवर. पान 84 वर कोणीच बोललं नाही. संध्याकाळी मग ठेवणीतलं अस्त्र निघालं: “काका, आधी तुमचा पोर्टफोलिओ दाखवा.”

म्हणजे जिन्यात गॅसचा वास येतोय म्हणून शेजाऱ्याने दार वाजवावं, आणि आपण आतूनच विचारावं, आधी तुमच्याकडे काय शिजतंय ते सांगा.

काका पडले साधे. त्यांनी दाखवला. जेवणाच्या टेबलाचा फोटो: प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून ओळीत मांडलेल्या चार एफडीच्या पावत्या, शेजारी पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं पासबुक आणि कोपऱ्यात लोणच्याची बरणी.

ग्रुप हसून हसून लोळला. ‘एफडीवाले काका’ हे नाव तिथल्या तिथे पडलं आणि चोवीस तासांत त्याचं विशेषण झालं. कोणी जरा शंका काढली की “काय सर, एफडी झालात की काय?” गुरुवारी एका बिचाऱ्याने तिमाही निकाल कधी आहेत, एवढंच विचारलं, तर त्याला ‘एफडी मनोवृत्ती’ सोडण्याचा सल्ला मिळाला. हे असंच चाललं तर पुढे काय होईल ते मला दिसतंय. स्थळ बघायला आलेली मंडळी मुलाच्या मामाला बाजूला घेऊन विचारतील, “तसा निर्व्यसनी आहे ना?” मामा चाचरत म्हणतील, “हो हो. कधीतरी मित्रांच्या नादाने थोडी एफडी करतो, एवढंच.” मुलीचे वडील चहा अर्धाच ठेवून उठतील. मुलाची आई डोळ्यांना पदर लावेल, “लहानपणी रिकरिंग उघडून दिलं तिथेच चुकलं हो, तिथूनच सवय लागते!” शेजारीण सांगेल, “ह्यांच्या कपाटात पावती सापडली. पाच वर्षांची. सोडा म्हटलं तर म्हणतात, आपोआप रिन्यू होते, सुटतच नाही.” आणि बँकेच्या दारात माणसं तोंडाला रुमाल बांधून, इकडेतिकडे बघत आत शिरतील.

आता हसून झालं असेल तर त्या फोटोकडे पुन्हा बघा. ज्येष्ठ नागरिक योजनेत 30 लाखांपर्यंत ठेवता येतात. व्याज 8.2 टक्के, आणि ते दर तीन महिन्यांनी खात्यात पडतं. बँकेतल्या ठेवींना 2020 पासून दर बँकेमागे 5 लाखांपर्यंत विम्याचं कवच आहे. म्हणजे काकांचं येणं ठरलेल्या तारखेला रोख येतं. ग्रुपच्या लाडक्या कंपनीचं येत नाही. काकांनी विचारलं होतं ते नेमकं हेच! ज्याच्या टेबलावर चोख वसुली मांडलेली आहे त्याने उधारीबद्दल विचारायचं नाही, तर कोणी विचारायचं?

बुधवारी नवा सिद्धान्त आला की काकांनी शेअर शॉर्ट केलाय, भाव पाडायला कोणीतरी पैसे दिलेत. हातात नसलेला शेअर रोखीच्या बाजारात विकला, तर तो त्याच दिवशी बाजार बंद व्हायच्या आत परत घ्यावा लागतो. त्याहून जास्त दिवस पडझडीवर पैज लावायची तर फ्युचर्स किंवा ऑप्शन्स लागतात, आणि या शेअरला ते नाहीत. वर तो ट्रेड-टू-ट्रेडमध्ये. घेतला तर डिलिव्हरीच, एका दिवसात घे-वीक नाहीच. लोणच्याच्या बरणीशेजारी बसून काका हे कसं करत असतील, ते एकाही सरांनी सांगितलं नाही.

त्याच रात्री गुरुजींनी काकांना ग्रुपमधून काढलं. ‘वातावरण दूषित होतं’ म्हणून.

इथे माझं डोकं फिरतं. गुरुजींच्या प्रत्येक टिपेखाली लिहिलेलं असतं, ‘केवळ शैक्षणिक हेतूने. स्वतः अभ्यास करावा.’ एवढ्या ग्रुपात एका माणसाने अभ्यास केला आणि त्यालाच वर्गाबाहेर काढलं! ही कसली शाळा? गुरुजी महिन्यातून चारदा डीमॅट खातं उघडायची लिंक देतात. त्या प्रत्येक खात्यामागे गुरुजींना काय मिळतं, हे विचारायची कोणाची छाती नाही. गुरुजींनी ही कंपनी कितीला घेतली, अजून ठेवलीय की हळूच विकली, हेही कोणी विचारत नाही. पोर्टफोलिओ मागायचा तो फक्त पान नंबर सांगणाऱ्याकडे.

गुरुवारी शेअरला अप्पर सर्किट लागलं. 5 टक्के. “मिळालं उत्तर, काका!” असं एका सरांनी लिहिलं, काका ग्रुपमध्ये नाहीत हे विसरून. हेच सर्किट दहा दिवस लागोपाठ खालच्या बाजूला लागलं तर 100 चे 60 राहतात, आणि 60 चे पुन्हा 100 व्हायला 67 टक्के चढावं लागतं. शिवाय लोअर सर्किटला विकायला जावं तर समोर घेणारा नसतो. हे मी ग्रुपवर लिहिलेलं नाही. पोर्टफोलिओ मागतील.

पान 84 मात्र मी उघडलं. कंपन्यांना 2021 पासून उधारीचं वय लिहावं लागतं: सहा महिन्यांच्या आतली, सहा महिने ते वर्षाची, एक ते दोन, दोन ते तीन, आणि तीन वर्षांच्या वरची. या कंपनीची शेवटच्या रकान्यातली उधारी चांगली गुटगुटीत आहे. मूल असतं तर जूनमध्ये बालवाडीत घातलं असतं.

हेही मी कोणाला सांगितलेलं नाही. माझ्याकडे त्या कंपनीचे 300 शेअर आहेत. आणि, तुमच्यापासून काय लपवायचं, दोन एफडी.