वाघबिळात निघाला धूर

कॉलेजात असताना मला आरएक्स हवी होती. आबांनी स्वतःच्या हिरो होंडा सीडी 100 कडं बोट दाखवलं, म्हणाले, "ही हाय की." विषय मिटला. तो मी वयाच्या 49 व्या वर्षी, केस निघून गेल्यावर आणि पोट पुढे आल्यावर, उकरून काढला. कुणाला न विचारता सेकंडहँड यामाहा आरएक्स 100 दारात आणून लावली.

दोन्ही गाड्या 1985 सालच्या, दोन्ही जपानी कुळातल्या. आरएक्स 98 सीसी, सीडी 97. पण आरएक्स टू-स्ट्रोक, ताकद 11 अश्वशक्ती. सीडी फोर-स्ट्रोक, सातच्या आसपास. आरएक्सचं इंजिन दर फेऱ्याला पेटतं, सीडीचं एक फेरा सोडून. घरातही तेच. मी दर वाक्याला पेटतो, आबा एक सोडून.

कोण भारी, हे ठरवायला रविवारी पन्हाळा गाठायचा ठरला. हरणाऱ्यानं झुणका-भाकर द्यायची.

पंपावर मी रुबाबात पेट्रोलच्या टाकीत टू-टी ऑइल ओतायला लावलं. टू-स्ट्रोकला ऑइल लागतं, एवढं ज्ञान जुन्या स्कूटरनं दिलं होतं. आरएक्सला ऑइलची वेगळी टाकी असते आणि पंप ते आपोआप इंजिनाला पाजतो, हे ज्ञान तिनं कुठून द्यावं?

शिवाजी पूल ओलांडला तेव्हा मी राजा होतो. आरशात पाहिलं तर आबा दिसेनात. मागं पडले म्हणून खूश झालो. प्रत्यक्षात ते माझ्या धुरात होते.

वाघबिळाच्या चढाला आरएक्स खोकली, गचके देत थांबली. तेरा किका वाया गेल्या; चौदावी उलटून नडगीवर बसली. एक कॉलेजकुमार थांबला, नाक उडवून म्हणाला, "काका, डबल ऑइल पाजलंय व्हय?" त्यानं प्लग खोलला. भाजलेल्या वांग्यासारखा काळा आणि वर तेलानं निथळत होता. पॉलिश पेपरनं घासून बसवला. दोन वळणं गेली, गाडी पुन्हा गप्प.

तेवढ्यात टुकटुक करत आबा आले. वय 76, अंगावर घामाचा थेंब नाही. म्हणाले, "न्यूट्रल कर. खाली उतार हाय."

त्या उतारावर माझ्या आरएक्सनं एक थेंबही न पिता दीड किलोमीटर दिला. ॲव्हरेजची शेखी मिरवणाऱ्या सीडीला हे आयुष्यात जमलेलं नाही.

खालच्या टपरीवर चहा सांगितला. पैसे कुणी द्यायचे, हे कुणीच विचारलं नाही. पोरांनी आरएक्सला गराडा घातला. एकानं टाकीवरून हात फिरवत विचारलं, "काका, विकताय?"

मी तोंड उघडायच्या आत आबा म्हणाले, "न्हाई. तीस वर्सांमागंच घिऊन द्याला पायजे हुती मी. तवाच पडून-झडून शिकला असता."