सौजन्य : गूगल

पहाटे फिरावयास निघालेल्या सभ्य गृहस्थाने शेजाऱ्याच्या कुंपणाबाहेर डोकावणारी जास्वंदीची चार फुले हळूच पिशवीत टाकावी आणि ती देवाला वाहावयाची असल्यामुळे त्या कृत्याला चोरी म्हणण्याचे कोणाच्याही मनात येऊ नये, ही आपल्याकडची पिढीजात वहिवाट आहे. आणि फुलांच्या बाबतीत ज्या समाजात इतका उदार न्याय चालतो, त्याने महाजालावरच्या छायाचित्रांच्या बाबतीत एकाएकी कडक व्हावे, ही अपेक्षा मला तरी अवाजवी वाटते. दुर्दैवाने १९५७ चा कॉपीराइट कायदा ज्यांनी लिहिला, त्यांनी जास्वंदीचा विचार केलेला दिसत नाही.

आमचे मेहुणे रत्नागिरीस आंब्याचा व्यापार करतात. खरेखोटेपणाच्या बाबतीत ते किती काटेकोर आहेत हे सांगावयाचे, तर कर्नाटकातला आंबा देवगडच्या खोक्यात भरून विकणाऱ्या इसमांबद्दल ते ज्या भाषेत बोलतात, ती भाषा स्त्रिया व मुले आत गेल्यावरच ऐकावी अशी असते. २०१८ साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग व लगतच्या जिल्ह्यांतील हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा त्यांनी वाडीत पेढे वाटले आणि पुढे त्या मानांकनाच्या वापराचा दाखला रीतसर मिळवून गादीच्या मागे, लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी, चौकटीत लावला. दुसऱ्याच्या नावावर आपला माल खपवणे म्हणजे दरोडा, असे त्यांचे स्वच्छ मत आहे.

अशा या पुरुषाने काळाची पावले ओळखून धंद्याचे संकेतस्थळ उघडण्याचे ठरवले आणि ते काम पुण्यात शिकणाऱ्या पुतण्याकडे, एका पेटीच्या मोबदल्यात, तोंडी सोपवले. संकेतस्थळ देखणे झाले. पहिल्याच पानावर पितळी परातीत पाच आंबे मांडलेले होते. पण जरा जवळून निरखता त्यांच्या देठाकडे जी गडद, जांभळट लाली पसरलेली दिसत होती, ती रत्नागिरीच्या हापूसवर उभ्या जन्मात चढावयाची नाही. तो अमेरिकेच्या बाजारात सर्रास मिळणारा, मूळचा फ्लॉरिडाचा, टॉमी अ‍ॅटकिन्स नावाचा आंबा होता. ‘आमच्याविषयी’ या सदरात घराण्याच्या सचोटीचे भावपूर्ण वर्णन असून, मधेच ‘आमच्या चहाच्या मळ्यांवर उतरणारे धुके’ असा उल्लेख होता. सर्वांत तळाशी, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत, गोपनीयता धोरण व व्यवहाराच्या अटी नावाचा एक दस्तऐवज होता आणि त्यात, या दुकानाशी उद्भवणाऱ्या सर्व तंट्यांचा निवाडा डेलावेअर राज्याच्या कायद्यानुसार तेथीलच न्यायालयांत होईल, असे मेहुण्यांनी जगाला निःसंदिग्ध शब्दांत कळवले होते.

पुढे एके दिवशी परातीतल्या त्या पाच आंब्यांच्या छायाचित्रकाराच्या वतीने इंग्रजीत एक पत्र आले. सोबत संकेतस्थळाच्या पानाचे तारीखवार चित्र, वापराच्या शुल्काची मागणी आणि मुदत. हल्ली हे शोधण्याचे काम यंत्रे करतात. त्यांना रत्नागिरी दूर नाही.

मेहुण्यांनी मला फोन करून जी बचावाची बाजू मांडली, ती विधिमहाविद्यालयांत शिकवण्याच्या योग्यतेची होती. ‘‘भावोजी, चोरी कशाला म्हणतात? वस्तू त्याच्याकडून जाऊन माझ्याकडे आली तर ना? त्याचा फोटो त्याच्याकडे आहेच की!’’ हा मुद्दा लंगडा पडताच, फोटो गूगलवर उघड्यावर पडलेला होता, सबब तो बेवारस मानावा, असा दुसरा मुद्दा आला. फोटोवर मालकाचे नाव नव्हते, हा तिसरा. आणि शेवटी तडजोडीचा प्रस्ताव : ‘‘खाली ‘सौजन्य : गूगल’ असे लिहून टाकतो, म्हणजे मिटलेच.’’ ज्याने वस्तू केली नाही आणि जो तिचा मालकही नाही, त्याचे जाहीर आभार मानून खऱ्या मालकाचे समाधान करण्याची ही युक्ती आपल्या कितीएक छापील प्रकाशनांतूनही मी पाहिली आहे.

कायदा मात्र यांपैकी कशालाच भीक घालत नाही. कलाकृती निर्माण झाली की हक्क निर्माण होतो. त्यासाठी नोंदणी लागत नाही, नाव घालावे लागत नाही. खाजगी अभ्यास, टीका, परीक्षण, चालू घडामोडींचे वृत्त यांना ५२ व्या कलमात सवलत आहे. आंबे विकण्याला नाही. जाणूनबुजून भंग करणाऱ्यास ६३ व्या कलमान्वये ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५०,००० ते २,००,००० रुपये दंड सांगितला असून, धंद्यातील नफ्यासाठी भंग केला नसेल तर न्यायालयास ती शिक्षा कमी करता येते. म्हणजे ही पळवाटही नेमकी दुकानदाराच्याच तोंडावर बंद होते.

रत्नागिरीच्या कोर्टात हयात घालवलेल्या एका स्नेही वकिलांनी प्रकरण हाती घेतले. पत्रातील दुव्यावर टिचकी मारण्यापूर्वी पत्र खरे आहे की अशा नोटिशीचे सोंग घेऊन संगणकात शिरू पाहणारा भामटा आहे, याची त्यांनी आधी खात्री केली. नंतर पानाची प्रत जपून ठेवून छायाचित्र उतरवावयास लावले, आणि उतरवल्याने पुढचा भंग थांबतो, मागचा पुसला जात नाही, हे मेहुण्यांस तीन वेळा ऐकवले. मग मालकीचा पुरावा व मुखत्यारपत्र मागवले. दोन्ही चोख निघाल्यावर उरला तो केवळ भाव. आणि रुमालाखाली बोटे दाबून सौदे करण्यात मुरलेल्या मेहुण्यांनी, ई-मेलला रुमाल नसतो ही अडचण असूनही, मागणीचा आकडा बराच खाली आणला.

त्यानंतर ते इतके सावध झाले, की गादीमागच्या लक्ष्मीचे चित्र संकेतस्थळावर घालावे की नाही, हेही त्यांनी मला विचारले. लक्ष्मी रविवर्म्याची होती. रविवर्मा १९०६ साली निवर्तला. चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क चालतो, तेव्हा ती लक्ष्मी केव्हाच मोकळी झाली आहे. दीनानाथ दलालांची चित्रे घेऊ म्हणाल, तर दलाल १९७१ साली गेले. २०३१ संपेपर्यंत थांबावे लागेल. ही मुदत पूर्वी ५० वर्षांची होती. रवींद्रनाथांच्या वाङ्मयावरचा हक्क १९९१ अखेर संपू लागला, तेव्हा ती १० वर्षांनी वाढवण्यात आली. हे ऐकून मेहुणे म्हणाले, ‘‘मोठ्या माणसांना मुदतवाढ मिळते, आम्हांला पंधरा दिवसांत पैसे भरा म्हणतात.’’

पुतण्याने काढलेल्या बोधचिन्हाचा प्रश्न याहून नाजूक निघाला. बाहेरच्या माणसाकडून करवून घेतलेल्या रेखाटनाचा हक्क, लेखी करार नसेल तर, करणाऱ्याकडेच राहतो. आणि करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे, प्रदेश लिहिला नसेल तर केवळ भारत, असे १९ वे कलम म्हणते. दुबईला पेट्या पाठवणाऱ्याने हे वाचून ताबडतोब कागद केला. पुतण्याने सही करण्यापूर्वी दुसरी पेटी मागितली. मुलगा धंद्यात नाव काढील.

यंदाच्या हंगामात मेहुण्यांनी स्वतःच्या अढीचे छायाचित्र स्वतः काढून पानावर घातले, आणि एका परगावच्या विक्रेत्याने ते जसेच्या तसे उचलले. गवतावर निजलेले मांजर सुद्धा काढले नव्हते. त्या वेळी मेहुण्यांचा जो संताप झाला, त्यात मला कायद्याविषयी नवजात भक्तीचा अंश स्पष्ट दिसला. ज्या बाजारपेठेच्या संकेतस्थळावर ते चित्र झळकत होते, त्यांना लेखी तक्रार गेली. तक्रार मिळाल्यापासून ३६ तासांत असा मजकूर बंद करावा आणि तक्रारदाराने २१ दिवसांत न्यायालयाचा हुकूम न आणल्यास तो पुन्हा खुला करता येतो, हे नियम मेहुण्यांनी मलाच तोंडपाठ म्हणून दाखवले. चित्र उतरले. त्या विक्रेत्याचे उत्तर मोठे नम्र होते : फोटो गूगलवर मिळाला, हवे तर खाली सौजन्य लिहितो.

आता त्यांच्या पानावरचे आंबे त्यांचे आहेत, परात त्यांची आहे, मांजरही त्यांचेच आहे आणि चहाच्या मळ्यांवरचे धुके विरले आहे. तळाची बारीक अक्षरे मात्र अजून कोणी वाचलेली नाहीत. तेव्हा वाचकांपैकी कोणी त्यांच्याकडून पेटी मागवली आणि आंबा आंबट निघाला, तर तक्रार करण्यापूर्वी डेलावेअरला जाण्याची तजवीज करून ठेवावी.