तीन मिनिटांची साक्ष

माझी साक्ष तयार आहे. एक तीन मिनिटांची. एक अर्ध्या मिनिटाची, लग्नाच्या पंगतीत वरण आणि भात यांच्या मध्ये उरकता येईल अशी. आणि समोरचा फारच पापी निघाला तर पाऊण तासाची. पाऊण तासाच्या साक्षीत दोन ठिकाणी माझा कंठ दाटून येतो. कुठे दाटायचा, तेही ठरलेलं आहे. प्रेषित पेत्राने आपल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात बजावून ठेवलंय की, तुमच्या आशेचं कारण विचारणारा कोणी भेटला तर उत्तराला अडू नका. मी अडत नाही. त्याच वचनाच्या शेपटाला सौम्यतेचीही अट आहे. पण आमच्या पाठांतर स्पर्धेत तिथपर्यंत पोहोचायच्या आतच टाळ्या पडतात.

ही तयारी मी एका शिबिरात केली. बाहेरगावाहून आलेल्या बंधूंनी फळ्यावर ‘संधी ओळखा’ असं लिहून तिचे चार प्रकार पाडले होते: प्रवास, आजारपण, मरण आणि रांग. ‘रांगेतला माणूस नंबर सोडून पळत नाही,’ हे त्यांचं तत्त्व. मी वहीत उतरवून घेतलं. शिवाय माझी हयात जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली. समोरच्याला मध्येच प्रश्न विचारायला फट सापडू नये, अशा लयीत बोलणं आम्हा मास्तरांना जन्मजात येतं. आवाजही बरा आहे. आमच्या मंडळीत शास्त्रपाठ वाचायला उभा राहिलो की मागच्या बाकावरची माणसं जागी होतात, असं मी स्वतः पाहिलंय.

अडचण एवढीच की, हिंगोलीत मला ते कारण कोणी विचारतच नाही.

म्हणजे प्रश्न भरपूर विचारतात. ‘सर, तुमच्यात जाळतात का पुरतात?’ ‘सर, केक कधी?’ हा प्रश्न दसऱ्याच्या प्रदर्शनाचे पाळणे उतरायच्या आधीच सुरू होतो. ‘सर, तुमच्यात हळद लागते का?’ जिथल्या वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळालंय, त्या जिल्ह्यात बिनहळदीचं लग्न कायदेशीर धरतील की नाही याची मलाही शंका आहे. ‘लागते’ असं सांगितलं की समोरचा थोडा हिरमुसतो. हिंगोलीत एके काळी हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती; ती १९०३ साली उठली. उठण्याच्या घाईत आमचं एवढं एक घर उचलायचं राहून गेलं, अशी काही भल्या माणसांची प्रामाणिक समजूत आहे. ‘मराठी छान बोलता हो तुम्ही!’ असं मला, मराठीच्या मास्तरला, ऐकवलं जातं. ‘तुम्हीपण,’ म्हणून मी पुढे चालू लागतो.

आमचे शेजारी आप्पा माळकरी आहेत. त्यांची गोष्ट वेगळी. नर्सीचे नामदेव पार पंजाबात गेले, त्यांची ६१ पदं शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात आहेत. अशा जिल्ह्यात भक्ती शिकवायला निघणं म्हणजे तसं धाडसच. शेगावची पालखी सेनगाव-नर्सीवरून पुढे सरकली की आप्पा आमच्या दारात प्रसाद घेऊन उभे राहतात. कुठल्या शिबिराला न जाता, घसा साफ न करता. एकदा त्यांनी औंढ्याची कथा रंगवून सांगितली. नामदेवांना कीर्तनाला मागच्या अंगणात धाडलं, तर नागनाथाने देऊळच त्यांच्याकडे फिरवलं. मग मला म्हणाले, “सर, तुमच्या येशूनं काय फिरवलं?” आता याहून नामी संधी कोणती? मी पाऊण तासाची काढली. पहिला कंठ दाटायच्या आत आप्पा उठले. म्हणाले, “हरिपाठाची वेळ झाली.” आतून बायकोने ऐकलं. लायगोची वेधशाळा औंढ्याजवळ दुधाळ्याला होणार आहे. चार-चार किलोमीटरच्या तिच्या दोन भुजा आकाशातली बारीकशी थरथर टिपणार आहेत. ही बातमी तिने पेपरात वाचलेली. ती म्हणाली, “एवढा मोठा कान बांधायलेत, तर त्यातला थोडा तुमच्यासाठी मागून घ्या.”

दोन प्रश्न मात्र मला हसण्यावारी नेता येत नाहीत. एक म्हणजे ‘मूळचे कोण?’ हा प्रश्न चहाचा कप अर्ध्यावर धरून विचारतात आणि उत्तर येईपर्यंत कप तसाच राहतो. कुठल्या खणात ठेवायचं हे कळल्याशिवाय माणसाला माझ्याशी पुढचं बोलता येत नाही. दुसरा, हसत हसत, खांद्यावर हात टाकून: ‘काय सर, किती भेटले होते?’ माझ्या पणजोबांना काय भेटलं ते मला ठाऊक आहे. गावाने पाणी तोडलं, आणि पोराला पहिल्यांदा शाळेत आत बसायला मिळालं. या व्यवहारात नफा किती, तोटा किती, हे चार पिढ्यांत आमच्या घरात कोणी मांडून पाहिलेलं नाही. हे सांगायला तीन मिनिटं पुरत नाहीत. विचारणाऱ्यालाही ते नको असतं. तोवर त्याचा चहा संपलेला असतो.

पण मग माझ्या वहीतले ते चार प्रकार आठवतात आणि रागाचा जोर ओसरतो. शिबिराहून परतलेल्या माणसाला शेजारी दिसत नाही, संधी दिसते. आणि आपल्याकडे कोण कसल्या नजरेने पाहतोय, हे शेजाऱ्याला माझ्या घशाच्या पहिल्या खाकरण्यातच कळतं.

आता टिळकांच्या रेल्वेगाडीबद्दल बोललंच पाहिजे. हा विषय निघाला की आमच्या घरातली माणसं एकेक करून कामाला लागतात, तुम्ही बसा. साल १८९३. नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघालेत. डब्यात एक गोरा साहेब. साहेब अदबीने वागतो. बोलणं संस्कृत काव्यावर येतं, तिथून धर्मावर. निरोप घेताना तो नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हातात ठेवतो आणि सांगून टाकतो की, दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. छातीठोकपणा बघा! टिळकांनी भाकीत मनावर घेतलं नाही. वाचायचा शब्द तेवढा दिला आणि तो पाळला. वाचता वाचता डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथून त्यांचा पाय निघेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. मुदतीच्या आत!

ही गोष्ट मी लहानपणी संडे स्कूलमध्ये ऐकली आणि तेव्हापासून रेल्वेत मला स्वस्थ बसवत नाही. पूर्णा-अकोला गाडीत चढलो की मी आधी डब्यात नजर फिरवतो: यांतला टिळक कोण असेल? मराठी वाङ्मयाच्या भावी इतिहासातली तळटीपही मी तयार ठेवलीय. ‘हिंगोली डेक्कन स्थानकाजवळ एका वयोवृद्ध शिक्षकाने कवीच्या हाती ती प्रत ठेवली.’ टिळकांच्या आठवणीत त्या साहेबाचं नाव राहिलं नाही, ही चूक पुन्हा होऊ नये म्हणून वाटायच्या पत्रिकांच्या मागे मी माझा शिक्का मारून ठेवतो. पिनकोडसकट.

एकदा समोर एक तरतरीत माणूस येऊन बसला. कपाळ कवीचं, बॅग कारकुनाची. मी घसा साफ केला. पण तोच आधी म्हणाला, “सर, माणसाचा काय भरवसा? आज आहे, उद्या नाही.”

हे माझं वाक्य होतं.

“तुमच्या माघारी काय, याचा कधी विचार केलाय?”

हेही माझंच. तो विमा एजंट होता. पुढे वसमत येईपर्यंत आम्ही दोघं मरण, तयारी आणि वेळेत घेतलेला निर्णय यांवर एकमेकांना ऐकवत राहिलो. माल जवळजवळ सारखाच. फक्त त्याच्याकडे हप्ता होता आणि माझ्याकडे सगळं फुकट. फुकटाचं नाव काढताच त्याचा चेहरा पडला. ज्याला हप्ता नाही, त्या गोष्टीवर त्याचा जन्मात कधी विश्वास बसलेला नव्हता. उतरताना माझ्या हातात त्याचं माहितीपत्रक होतं आणि त्याच्या हातात माझी पत्रिका. दोघांच्याही मागे शिक्के.

पण टिळकांच्या गाडीचा पुढचा भाग आम्ही शिबिरांत सांगत नाही. साहेब आपल्या स्टेशनवर उतरून गेला. पुढचं सगळं टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आलं. नवरा ख्रिस्ती झालेला, पोर पदरात, लोकांच्या नजरा, आणि वर्षानुवर्षांची ताटातूट. त्या साहेबाला, आपण एका बाईचा संसार डब्यातल्या बाकावर ठेवून आलो, हे कधी कळलं असेल? मी टिळकांचा भक्त आहे, साहेबाचाही आहे. तरी लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना दर वेळी मला त्या उतरून गेलेल्या माणसाचा थोडा राग येतो. लक्ष्मीबाई ख्रिस्ताकडे आल्या त्या १९०० साली, जातपात आणि सोवळं-ओवळं स्वतःच्या डोक्याने पारखून, कोणाच्या भाकिताने नव्हे. आणि टिळक १९१९ साली गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अर्धवट होतं. तेही तडीस नेलं लक्ष्मीबाईंनीच. आमच्यात अर्धवट राहिलेलं बहुधा बायाच पुरं करतात.

आमच्या घरीही तेच. बायको वाशीमच्या मिशन दवाखान्यात, म्हणजे रेनॉल्ड्स मेमोरियलला, परिचारिका होती. गल्लीत तिला सिस्टर म्हणतात आणि मला सिस्टरचे मिस्टर. तिने साक्ष कधी लिहून काढली नाही. शिबिराला आली होती, पण स्वयंपाकाकडे.

शिमग्याच्या सुमाराला आमच्याकडे शेतोशेत हळद शिजते, रात्रंदिवस. तशाच एका दुपारी मागच्या गल्लीतल्या बाईला आणलं. कुकरचं झाकण काढताना वाफेने हात कोपरापर्यंत भाजलेला, त्यावर कोणीतरी थापलेली टूथपेस्ट, मनगटात काचेच्या बांगड्या. बायकोने हात नळाखाली धरला. सूज चढायच्या आत बांगड्या निघायला हव्या होत्या. धारेखाली बोटं आवळून ती एकेक उतरवत होती. एक तडकली तेव्हा बाईच्या तोंडाकडे बघत हळूच म्हणाली, “वाढली ग.” ओठ मात्र हलत होते.

बाईने कण्हत विचारलं, “सिस्टर, काय पुटपुटायलात?”

“येशूचं नाव घ्यायले. तुझी आग कमी व्हावी म्हणून.”

“मंग जोरानं घ्या की. मला बी ऐकू येऊ द्या.”

मी दारातच होतो. आजारपण, प्रकार दुसरा! घसा साफ केला. बायको मान न वळवता म्हणाली, “अहो, तिथं काय उभे? रिक्षा आणा.”

रिक्षा आणली. सरकारी दवाखान्याकडे निघालो. मागे दोघी, पुढे चालकाच्या शेजारी अंग चोरून मी. पोरगं ओळखीचं, माझ्याच हाताखालून गेलेलं. आरशात मागे बघत म्हणालं, “सर, या बाई तुमच्या कोणी लागत नाहीत. तुम्ही दोघं या वयात काहून एवढी धावपळ करायलात?”

रात्री पहिला घास तोंडाशी नेला आणि तो तिथेच राहिला. पेत्राने लिहून ठेवलेला तो प्रश्न, ज्याची मी जन्मभर वाट पाहिली, तो भर उन्हात विचारून झाला होता, आणि तिन्ही साक्षी खिशात असताना मी उत्तर दिलं होतं, “समोर बघ, खड्डा आहे.”

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “मग बरोबरच बोललात. खड्डा होता.” मलाही जरा धीर आला. शेकोटीपाशी दासीने आणि इतरांनी विचारलं, तेव्हा खुद्द पेत्र तीनदा ‘मी नव्हेच’ म्हणाला होता. मी निदान खड्डा तरी दाखवला.

माझं मत आता असं आहे. तयार असावं, पण आधी रिक्षा आणावी. कोणी विचारलं तर जरूर सांगावं, विचारलं तेवढंच सांगावं, आणि सांगून झाल्यावर पुढच्या स्टेशनवर उतरून जाऊ नये. हिंगोलीत तशी सोयही नाही. सकाळी ज्याला साक्ष दिली, त्याच्याच देखत संध्याकाळी मेथीच्या जुडीवरून घासाघीस करावी लागते, आणि खरी साक्ष तो तीच धरतो.

तेव्हा वाचकहो, पूर्णा-अकोला गाडीत कधी घसा साफ करणारा एक म्हातारा समोर दिसला तर जागा बदलू नका. हिंगोलीला उतरा, घरी चहाला या. माझा पत्ता पत्रिकेच्या मागे आहे, पण तो वाचत बसायची गरज नाही. ‘सिस्टरचं घर’ म्हणालात की कोणताही रिक्षावाला दारात आणून सोडतो.