सरकारी उधळपट्टीला विरोध करू इच्छिणाऱ्या विवाहित पुरुषांसाठी सूचना

प्रस्तुत सूचना शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतल्या जागरूक, करदात्या आणि विवाहित पुरुषांसाठी आहेत. अविवाहितांनी वाचल्या तरी हरकत नाही, फक्त त्यांना त्यांची गरज पडणार नाही. शिरूरकरांना उदाहरण शोधायला लांब जायला नको. घोडनदी ओलांडून नगर रस्त्याला लागलं की पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धी आहे. तिथल्या अण्णा हजारे यांनी सरकारला हिशेब विचारायची सवय अख्ख्या महाराष्ट्राला लावली. राज्याचा २००२ चा माहिती अधिकार कायदा आला तो त्यांच्या आंदोलनांच्या रेट्याने, केंद्राचा त्यानंतर तीन वर्षांनी आला. पण अण्णांचं नाव घेणारे एक बारीक तपशील सोडून देतात. अण्णा देवळात राहतात आणि त्यांनी लग्न केलेलं नाही. उपोषणाला निघताना ‘मग रात्रीच्या भाकरी किती टाकू?’ असं त्यांना घरातून कुणी विचारलं नाही. तुम्हाला विचारलं जाईल.

सुरुवात खर्च निवडण्यापासून करावी. नवखा माणूस इथेच फसतो. सगळ्याच सरकारी खर्चावर तो दणक्यात तुटून पडतो आणि संध्याकाळी त्याच्या लक्षात येतं, यातला निम्मा तर आपल्याच बांधावर झालाय. म्हणून आधी कपाटाचा खण उघडून घरातली सगळी पासबुकं पलंगावर मांडावीत. दार लावून घ्यावं.

साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपाचं बिल एप्रिल २०२४ पासून सरकार भरतं. याला खर्च म्हणायचं नाही, हा शेतकऱ्याला उशिरा मिळालेला न्याय. पीएम किसानचे वर्षाला सहा हजार आणि त्यावर राज्याच्या नमो शेतकरीचे सहा हजार, हा सन्मान. योजनेच्या नावातच तसं लिहिलंय. ठिबकचं अनुदान म्हणजे आधुनिक शेती. २०२४ च्या सुरुवातीला दुधाला लिटरमागे मिळालेले पाच रुपये आपलेच होते, सरकारने फक्त पोचवले. बिबट्याच्या पिंजऱ्यांचा विषय चुकूनही काढू नये. रात्रीच्या विजेवर उसात दारं धरायला जाणाऱ्या माणसाला पिंजरे कमीच वाटतात, आणि त्याचं बरोबर आहे. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आईला एसटी फुकट, हे संस्कार. बायकोला मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट, यावर थोडी कुरकुर चालेल; पण न्हावऱ्यावरून पारगावचा पूल ओलांडून चौफुल्यापर्यंत तिला माहेरी सोडायला आपलं डिझेल जळत नाही, हे ध्यानात घेऊन ती गिळावी. चौफुल्याचं नाव निघालंच आहे, तर तिथल्या कला केंद्रांत झालेला खर्च या हिशेबात धरू नये. तो खासगी आहे आणि सांस्कृतिकही.

असं गाळत गाळत गेलं की शेवटी एकच खर्च उरतो, जो तुमच्या खात्यावर येत नाही. तीच उधळपट्टी.

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना २८ जून २०२४ रोजी अजित पवार यांनी अर्थसंकल्पात जाहीर केली. वय २१ ते ६५, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, दारात ट्रॅक्टर सोडून चारचाकी नको, घरात कुणी आयकर भरणारा नको, महिन्याला १,५०० रुपये. पाच एकरांची अट होती, ती आठवडाभरातच काढून टाकली, कारण पुढे निवडणूक होती आणि सात-बाऱ्याला मत नसतं. (सूचनेच्या पहिल्या ओळीत ‘करदात्या’ म्हटलंय, त्याने दचकू नये. आयकर भरत असाल तर तुमच्या मंडळींचं नाव यादीत नाही आणि मग विरोध फारच सोपा आहे. इथे करदाता म्हणजे डिझेलवर, खतावर आणि तंबाखूच्या पुडीवर कर भरणारा. चारचाकी असली तर ती वडिलांच्या नावावर असल्याची खात्री करावी. बहुधा असतेच.)

गंमत बाजूला ठेवून सांगायचं तर मुद्दा पोकळ नाही. योजना आली तेव्हा वर्षाचा खर्च ४६ हजार कोटी सांगितला गेला. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात त्यासाठी ३६ हजार कोटी ठेवले, आणि त्याच अर्थसंकल्पात राज्याच्या कर्जाचा अंदाज होता ९ लाख ३२ हजार कोटींचा. निवडणुकीत कबूल केलेले २,१०० रुपये त्यात कुठे नव्हते. सामाजिक न्याय खात्याचा पैसा या योजनेकडे वळवला म्हणून त्या खात्याचे मंत्री संजय शिरसाट यांनीच मे २०२५ मध्ये जाहीर नाराजी व्यक्त केली. मंत्रिमंडळात ज्यावरून धुसफूस होते त्यावरून तुमच्या स्वयंपाकघरात व्हायला काहीच हरकत नाही. जुलै २०२५ मध्ये तपासणीत २६ लाखांवर लाभार्थी अपात्र असल्याचं सरकारनेच सांगितलं. त्याच सुमारास कळलं की १४ हजारांहून जास्त पुरुषांच्या खात्यावरही हप्ते गेले. त्यांनी विरोधाच्या भानगडीत न पडता सोपा मार्ग काढला, ते स्वतःच बहीण झाले.

आकडे पाठ करावेत, पण घरात बोलू नयेत. घरात आकड्याला आकड्याने उत्तर मिळतं. ‘नऊ लाख बत्तीस हजार कोटी’ असं तुम्ही म्हणालात की समोरून येतं, “आणि सोसायटीचं आपलं किती हाय?”

विरोध मांडायची खरी जागा म्हणजे पार, चहाची टपरी आणि सासुरवाडी सोडून कुठलीही. दौंडला मेव्हण्यासमोर तर हा विषय मुळीच नको. तो आपल्या बहिणीला राखीपौर्णिमेला ताटात पाचशे टाकतो आणि २०२४ च्या राखीपौर्णिमेच्या आतच सरकारने दोन महिन्यांचे मिळून तीन हजार टाकले. भावांचा भाव सरकारने असा वाढवून ठेवल्याने तो आधीच दुखावलेला आहे. तुमच्या बाजूने बोलेल असं वाटतं, पण बहीण चहा घेऊन बाहेर आली की तो फिरतो.

या मुलखाला विरोधाची परंपरा नाही असं कुणी म्हणू नये. शिरूर तालुक्यातल्या करडे गावाने १८७४ च्या डिसेंबरात सावकारावर बहिष्कार टाकला. पुढच्या मे महिन्यात, १२ तारखेला, तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातल्या सुप्यात लोकांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे जाळले. त्या दंग्यांतून १८७९ चा दख्खन कृषक कायदा आला. करड्याची पद्धत आजही वापरायला हरकत नाही, अडचण एकच आहे. त्या लोकांना माहीत होतं की आपलं देणं एका वहीत आहे आणि वही अमुक घरात आहे. आता सगळं मोबाइलवर. जाळणार काय? शिवाय बहिष्कार टाकायचा तर कुणावर, रात्रीचं जेवण वाढणाऱ्या माणसावर?

तेव्हा अर्ज. माहिती अधिकारात अर्जाला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं आणि महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि साधारण दीडशे शब्दांत हवा. ही दीडशे शब्दांची अट विवाहित पुरुषाला सर्वांत जड जाते. कारण घरात बोलायला न मिळालेलं सगळं त्याला अर्जात लिहायचं असतं. पहिल्या मसुद्यात शिवकालीन महसूल येतो, मग टोडरमल, मग पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत कसं येतं ते, आणि मूळ प्रश्न पाठीमागच्या पानावर जातो. असा मसुदा मंडळींना दाखवावा. त्या पोळ्या लाटता लाटता ऐकतात आणि म्हणतात, “तालुक्यात किती बायकांना मिळतं, किती जणींची नावं कमी झाली आन् का, एवढंच इचारायचंय ना? मग तेवढंच लिवा की.” अकरा शब्दांत काम झालं म्हणून वाईट वाटून घेऊ नये. अर्ज कुठे द्यायचा हेही त्यांनाच विचारावं. पंचायत समितीत बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांचं कार्यालय कुठल्या खोलीत आहे, तिथले बाबू जेवायला कधी उठतात, कुठली अंगणवाडी सेविका कागद नीट लावते, ही माहिती त्यांनी तुमच्या एक वर्ष आधी गोळा केलेली असते. कुठल्याही अर्जाशिवाय.

तीस दिवसांची मुदत चालू असताना ग्रामसभा आली तर सोडू नये. कोरम पंधरा टक्के किंवा शंभर मतदार, यांतलं जे कमी असेल ते. तेवढे न जमल्यास सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. म्हणजे तुमचं भाषण कधी ना कधी होणारच. फक्त एक लक्षात ठेवावं, ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा होते. तुम्ही उभं राहून राज्याच्या तिजोरीची चिंता मांडेपर्यंत त्यांचे ठराव झालेले असतात. सरपंच शांतपणे म्हणतील, “बापू, मग वहिनींचं नाव कमी करायचं का? लाभ सोडायचा तर अर्ज करता येतो. आत्ता लिहून देता?” अशा वेळी वापरायचं वाक्य घरून पाठ करून जावं: ‘हा व्यक्तीचा नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे.’ ते म्हणून खाली बसावं. दुसऱ्यांदा उभं राहू नये.

आता सगळ्यांत नाजूक भाग. सप्टेंबर २०२५ पासून या योजनेला ई-केवायसी सक्तीची झाली आणि तिच्यात एक कलम असं आहे, जे कुठल्या तरी विवाहित अधिकाऱ्याने रात्री जागून सुचवलं असावं. लाभार्थीच्या आधारची पडताळणी झाली की नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचीही करावी लागते. त्याचा ओटीपी नवऱ्याच्या मोबाइलवर येतो. दिवसा संकेतस्थळ रडतं, म्हणून हे काम रात्री होतं. तुम्ही पलंगावर कर्जाचे आकडे वाचत पडलेले असता.

“अवो, मोबाइल बघा जरा. सहा आकडी नंबर आला आसंल.”

“कशाचा?”

“आधारचा. वाचा लवकर, धा मिनटंच चालतो.”

इथे पुरुषाच्या आयुष्यात सत्तेचा एक दुर्मीळ क्षण येतो. दहा मिनिटं राज्य सरकार, महिला व बालविकास खातं आणि तुमची बायको, तिघंही तुमच्या तोंडाकडे बघतात. काहींना इथे भाषण करायचा मोह होतो. “मी या योजनेच्या विरोधात आहे, हे तुला माहितीये” अशी सुरुवात होते. ती होताच पुढचं वाक्य येतं आणि त्याला तोड नाही.

“तुमीच म्हणत हुता ना, फुकट्यांची तपासणी झाली पाह्यजे? मग ही तपासणीच हाय. हं, सांगा नंबर.”

नंबर सांगावा. शेवटच्या दोन आकड्यांवर अडखळू नये, ते मुद्दाम केल्यासारखं दिसतं. नंतर येणारी घोषणापत्रं, घरात कुणी सरकारी नोकर नाही वगैरे, चष्मा लावून स्वतः वाचून दाखवावीत. त्यामुळे आपण प्रक्रियेवर लक्ष ठेवून होतो असं म्हणता येतं.

कोर्टाचा रस्ता मोकळा आहे असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी: नवी मुंबईच्या एका चार्टर्ड अकाउंटंटने या योजनेविरुद्ध जनहित याचिका केली होती आणि मुंबई उच्च न्यायालयाने ती ५ ऑगस्ट २०२४ रोजी फेटाळली. हा सरकारच्या धोरणाचा भाग, यात आम्ही पडणार नाही, असा न्यायालयाचा सूर होता. याचिकाकर्त्याच्या घरी त्या संध्याकाळी काय झालं, ते निकालपत्रात नाही.

हे सगळं होईतो अर्जाचं उत्तर येतं. माहिती द्यायला कार्यालय तयार असतं, पानं फक्त ६१२ भरतात. पानाला दोन रुपये, म्हणजे १,२२४. दुधाचं बिल अजून निघालेलं नसतं, उसाच्या दुसऱ्या हप्त्याची नुसती चर्चा असते, पीएम किसानला दोन महिने अवकाश असतो. घरात रोख पैसा एकाच ठिकाणी आहे हे तुम्हाला माहीत असतं. कालच बँकेचा संदेश आलेला असतो, त्यांच्या मोबाइलवर.

मागताना कारण खरं सांगावं; खोटं सांगितलं तर झेरॉक्सचा गठ्ठा लपवायला जागा नाही. त्या हसतील, हसू द्यावं. पैसे मोजून घ्यावेत, पंचायत समितीत भरावेत आणि पावती शर्टाच्या वरच्या खिशात ठेवावी, पँटच्या नको, धुण्यात जाते. घरी आल्यावर पावती आणि उरलेले २७६ रुपये एकत्र द्यावेत. त्या पावती डब्याच्या झाकणाखाली सरकवतील आणि खर्च कशासाठी झाला ते पाठीमागे लिहून सही करायला सांगतील. करावी. विनियोग प्रमाणपत्र दिल्याशिवाय पुढचा हप्ता मिळत नाही, आणि पहिलं अपील अजून राहिलेलं आहे.