कंपायलर बसवलाय का?

मला सी येते. हे वाक्य मी लग्नकार्यात, सोसायटीच्या सभेत आणि ऑफिसातल्या चहाच्या वेळी इतक्यांदा टाकलंय की ते तपासून बघावं असं कुणाला वाटलंच नाही. मला तर नाहीच नाही. १९९० च्या दशकात संध्याकाळच्या क्लासला जाऊन मी ती शिकलो. टर्बो सीची निळी स्क्रीन, पिवळी अक्षरं. कंट्रोल आणि एफ नाइन दाबलं की प्रोग्रॅम चालायचा, आल्ट आणि एफ फाइव्ह दाबलं की उत्तर दिसायचं. ते उत्तर म्हणजे बहुतेक वेळा माझंच नाव, दहा वेळा. एवढ्या भांडवलावर मी घराण्यातला कॉम्प्युटरवाला झालो. टीव्हीचा रिमोट बंद पडला तरी फोन मलाच येतो.

त्यामुळे ताईचा मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला लागला, तेव्हा तिचा फोन येणारच होता.

"अरे, त्याला कॉलेजात कोड ब्लॉक्स की काय ते लागतंय. सोमवारी असाइनमेंट द्यायचीय. तुझ्याकडे पाठवते. दोन मिनिटांचं काम असेल ना?"

"दोनसुद्धा नाही," मी म्हणालो.

भाचा शनिवारी सकाळी लॅपटॉप घेऊन हजर झाला. आल्या आल्या म्हणाला, "मामा, आमच्या ग्रुपवर व्हिडिओ आलाय, तो बघून करू या का?"

"व्हिडिओ कशाला? मी बसलोय ना इथे."

कोड ब्लॉक्स उतरवायला गेलं की विंडोजसाठी सारख्याच नावांच्या बऱ्याच फाइली दिसतात. एकीच्या नावात नुसतंच 'सेटअप' असतं, दुसरीच्या नावात 'मिनजीडब्ल्यू-सेटअप'. दुसरी पहिलीपेक्षा कितीतरी मोठी. वायफाय गेलेलं, मी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. एकच वस्तू कमी एमबीत मिळत असताना जास्त एमबी मोजणारा माणूस आमच्या घराण्यात अजून जन्मलेला नाही. मी लहान फाइल घेतली.

ती उतरेपर्यंतचा वेळ फुकट जाऊ नये म्हणून मी भाच्याला कंपायलरचा इतिहास सांगितला. ग्रेस हॉपर बाईंनी १९५२ साली ए-झिरो लिहिला, त्याला जगातला पहिला कंपायलर मानतात. बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सी घडवली. रिचर्ड स्टॉलमन यांच्या ग्नू प्रकल्पातला जीसीसी १९८७ मध्ये बाहेर आला, आणि तो आजही फुकट मिळतो. फुकट म्हटल्यावर भाच्याने मोबाइलमधून मान वर केली. अशा रीतीने आमच्या घरात कंपायलरचा इतिहास सगळा आला. कंपायलर तेवढा आला नव्हता.

नेक्स्ट, नेक्स्ट, आय अ‍ॅग्री, फिनिश. कोड ब्लॉक्स उघडलं आणि एक चौकट समोर आली. मी ती ओके दाबून घालवली. इतक्या वर्षांच्या अनुभवातून एवढं तर शिकलोच होतो की समोर चौकट आली की ओके दाबायचं. मग प्रोग्रॅम लिहिला आणि 'बिल्ड अँड रन'चं बटण दाबलं. खालच्या पट्टीत मजकूर उमटला. त्याचं मराठी असं: कंपायलरची मांडणी चुकीची असल्यामुळे कोड ब्लॉक्सला कंपायलर सापडत नाही किंवा चालवता येत नाही. बहुधा टूलचेनचा पत्ता नीट भरलेला नाही, आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह व उद्गारचिन्ह एकदम. मग कंसात एक साधा प्रश्न: तुमच्याकडे कंपायलर बसवलेला आहे का?

हे मी आज सांगतोय. त्या वेळी मी फक्त प्रश्नचिन्हाशेजारचं उद्गारचिन्ह पाहिलं आणि ते मला उद्धट वाटलं.

गोष्ट अशी आहे की टर्बो सीमध्ये लिहायची जागा, कंपायलर, लिंकर सगळं एकाच निळ्या खिडकीत मिळायचं. कंपायलर ही वेगळी वस्तू असते, हे आम्हाला कधी कळायची वेळच आली नाही. कोड ब्लॉक्सचं तसं नाही. ते लिहायला देतं, रंग भरून देतं, चुका लाल करून दाखवतं. पण लिहिलेल्याचा यंत्राला कळेल असा तर्जुमा करण्याचं काम ते जीसीसीला बोलावून त्याच्याकडून करवून घेतं. मिनजीडब्ल्यू म्हणजे तोच जीसीसी विंडोजवर चालेल असा केलेला. मी जी लहान फाइल उतरवली होती ती याच्याशिवायची. मांडव घातला, पंगत बसवली, आचाऱ्याला सांगितलंच नव्हतं.

मग उपाय सुरू झाले. सगळं काढून टाकलं आणि पुन्हा बसवलं. तीच फाइल वापरून, कारण ती उतरलेलीच होती. लॅपटॉप बंद करून चालू केला. 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' केलं. अँटिव्हायरस बंद केला. सेटिंग्जमध्ये 'टूलचेन एक्झिक्युटेबल्स' नावाच्या पानावर 'ऑटो-डिटेक्ट' असं बटण सापडलं, ते दाबलं. सापडत नाही, असं ते प्रामाणिकपणे म्हणालं. मी पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

"अहो, ते काय विचारतंय ते वाचा तरी," बायको भाजी निवडता निवडता म्हणाली.

"ते नेहमीचं असतं," मी म्हणालो.

दुपारी समोरच्या बिल्डिंगमधल्या एका मुलाकडून मिनजीडब्ल्यूचं फोल्डर पेनड्राइव्हवर आणलं. त्याने बजावलं होतं, "काका, थेट सी ड्राइव्हवर टाका." पण सी ड्राइव्हवर जागा कमी दिसली, म्हणून मी ते डी ड्राइव्हवरच्या 'न्यू फोल्डर २'मध्ये ठेवलं. कोड ब्लॉक्सला ते काही दिसेना. तेव्हा मी पाथ बदलायचं ठरवलं.

पाथ म्हणजे अर्धविरामांनी तोडलेली, फोल्डरांच्या पत्त्यांची एक लांबलचक ओळ. कमांड दिली की विंडोज या ओळीतले पत्ते एकेक करत धुंडाळतं. तिथे नवा पत्ता भरायला विंडोजमध्ये सरळ एक खिडकी आहे, 'एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स' नावाची. पण खिडकीत माउसने काम करणं मला कमीपणाचं वाटलं. भाचा बघत होता. मी काळी कमांडची विंडो उघडली आणि सेटएक्स या कमांडने जुन्या पाथच्या मागे आपला पत्ता जोडून तो सगळा साठवायला सांगितला.

सेटएक्स १,०२४ अक्षरांपलीकडे काही ठेवत नाही. भाच्याच्या लॅपटॉपवर दुकानदाराने आणि भाच्याने मिळून इतकं काय काय भरलं होतं की त्याचा पाथ त्याहून लांब होता. सेटएक्सने तो १,०२४ अक्षरांवर कापला. माझा पत्ता सगळ्यात शेवटी, म्हणजे जे जोडायला गेलो तेच नेमकं गळलं, आणि त्याच्या आधी बसलेलं पायथॉनही त्याच्यासोबत गेलं. आता हे त्याने लपवून केलं म्हणावं तर तसंही नाही. खाली दोन ओळी आल्या होत्या. पहिली 'वॉर्निंग'पासून सुरू होत होती आणि मजकूर १,०२४ अक्षरांवर कापला आहे असं सांगत होती. दुसरी 'सक्सेस'पासून. मी दुसरी वाचली.

"झालं," मी म्हणालो.

भाच्याने नवी विंडो उघडून पाहिली. जीसीसी नाही. "मामा, माझं पायथॉनपण ओळखत नाहीये. काल चालत होतं."

या टप्प्यावर ताईचा फोन आला, झालं का विचारायला. बायकोने तो घेतला आणि "चाललंय अजून" एवढंच म्हणाली. संसारात असे उपकार मोजायचे नसतात.

पुढचं सगळं भाच्याने केलं. मी ज्या काळ्या विंडोत प्रताप केला होता, ती अजून उघडीच होती. उघड्या विंडोला पाथमधले बदल कळत नाहीत. ती उघडताना जो पाथ होता तोच धरून बसते. भाच्याने तिथे 'एको' कमांडने जुना पाथ छापून घेतला, त्यातला स्वतःच्या खात्याचा भाग उचलला आणि एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सच्या त्या कमीपणाच्या खिडकीत परत भरला. पायथॉन परतलं. खिडक्या बंद न करण्याच्या ज्या सवयीवरून घरात मला रोज ऐकावं लागतं, तिचा हा पहिला फायदा. मी तो मोठ्याने बोलून दाखवला. कुणी दाद दिली नाही.

मग त्याने कोड ब्लॉक्स उघडून खालच्या पट्टीतला मजकूर शांतपणे वाचला आणि विचारलं, "मामा, हे विचारतंय कंपायलर बसवलाय का. आपण बसवला होता का?"

उत्तराची वाट न बघता त्याने मोठी फाइल उतरवायला लावली, माझ्याच हॉटस्पॉटवर. ती बसवून झाल्यावर ऑटो-डिटेक्टने पहिल्याच फटक्यात कंपायलर शोधला.

आता निदान प्रोग्रॅम तरी माझा, म्हणून मी सी प्लस प्लसची नवी फाइल उघडून क्लासमधला प्रोग्रॅम तोंडपाठ लिहिला: आयओस्ट्रीम डॉट एच, कोनिओ डॉट एच, व्हॉइड मेन, क्लिअर स्क्रीन. कंपायलर पहिल्याच ओळीवर थांबला. आयओस्ट्रीम डॉट एच नावाची फाइल नाही म्हणाला. १९९८ साली सी प्लस प्लसचं प्रमाण रूप ठरलं तेव्हाच त्यातला 'डॉट एच' गेला. मला कुणी कळवलं नव्हतं. तो काढल्यावर व्हॉइड मेनवर अडलं, मेनने पूर्णांकच परत द्यायला हवा. तेही बदललं, तर क्लिअर स्क्रीन कुणाला माहीतच नाही. ती टर्बो सीच्या घरची होती, बाहेर कुणी तिला ओळखत नाही. माझ्या प्रोग्रॅममधलं एकेक काढत गेल्यावर शेवटी जे उरलं ते भाच्याच्या पुस्तकातल्या पहिल्या पानावरच होतं. ते चाललं.

रात्री भाच्याने आईला फोन केला. "हो, झालं. मामाने लावून दिलं." पोरगं संस्कारी आहे.

ज्यांच्या घरी यंदा कुणी पहिल्या वर्षाला असेल त्यांनी एवढं करावं. ज्या फाइलच्या नावात मिनजीडब्ल्यू आहे तीच घ्या, एमबी मोजू नका. फोल्डरच्या नावात मोकळ्या जागा ठेवू नका. पाथ बदलायचाच असेल तर खिडकीतून बदला, सेटएक्सच्या वाटेला जाऊ नका, आणि बदलल्यावर नवी विंडो उघडून तपासा. लाल अक्षरं आली तर ओके दाबण्याआधी ती वाचा. बहुतेक वेळा त्यात नेमकं दुखणं लिहिलेलं असतं. आणि घरात 'मला सी येते' म्हणणारे कुणी मामा-काका असतील, तर त्यांना चहा द्या. लॅपटॉप देऊ नका.